मामांचा फोटो आणि दोन सेकंदांचा हिशेब

पेडणे तालुक्यातले माझे मामा गेली कित्येक वर्षे दशावतारात स्त्रीभूमिका करतात. मोबाइलवर त्यांचे फोटो ढिगाने आहेत, पण सगळे रंगमंचावरच्या निळ्या-जांभळ्या उजेडातले. चेहरा एकातही धड दिसत नाही. मागच्या जत्रेआधी त्यांचा फोन आला. "फोंड्यात लोकांच्या लग्नाचे फोटो काढतोस, माझा एक भिंतीवर लावण्यासारखा काढ. यंदा शेवटचं. गुडघे ऐकत नाहीत आता."

दहीकाला उभा राहतो तो पालखी झाल्यावर, मध्यरात्रीच्या सुमारास. कलाकार पेटारे उघडून अग्रशाळेच्या पडवीत बसतात आणि आपला चेहरा आपणच रंगवतात. तिथे प्लग एकच होता, तोही माइकवाल्याच्या लाइनीवरचा. स्टुडिओचा फ्लॅश भरताना एकदम मोठा प्रवाह ओढतो. दर फोटोला आवाज गुरगुरला असता आणि गावाने मला हाकलला असता. म्हणून मी स्टुडिओतले दोन फ्लॅश आणि इन्व्हर्टर असलेली, खांद्याला अडकवता येणारी बॅटरी घेऊन गेलो.

घरातल्या तरुण मंडळींना हल्ली कॅमेऱ्याची आवड आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. स्टुडिओच्या फ्लॅशमध्ये दोन दिवे असतात. एक खरा फ्लॅश, जो क्षणाच्या हजाराव्या भागात चमकून जातो. दुसरा त्याच्या मधोमध सतत जळणारा साधा दिवा, मॉडेलिंग लॅम्प. फोटोत त्याचा उजेड जवळपास येतच नाही. तो असतो आपल्याला दाखवायला: नाकाची सावली कुठे पडते, मुकुटाखाली डोळे बुडतात का. काळोखात कॅमेऱ्याला फोकसही त्याच्याच जोरावर मिळतो. शिवाय उजेडात बाहुल्या लहान राहतात, नाहीतर फोटोत डोळे नुसते काळे दिसतात.

मामा शेवटची नथ अडकवत होते. मी दोन्ही दिवे एकदम लावले आणि बॅटरी चीं करून बंद पडली. हॅलोजनची तार थंड असते तेव्हा तिचा रोध फार कमी असतो, त्यामुळे पेटताना ती क्षणभर नेहमीच्या दसपट किंवा त्याहूनही जास्त प्रवाह ओढते. छोट्या इन्व्हर्टरला ते झेपत नाही. एकामागून एक लावले तेव्हा पेटले. मग नेहमीचेच: कुणी चहा आणला, कुणी विचारपूस केली, मामांचा शेला पुन्हा नेसवला गेला. दिवे जळतच होते. दहाएक फोटो झाले, तेही दिव्याची जागा बघण्यासाठीचे, आणि सगळे विझले. बाहेर संकासुराचा प्रवेश रंगात आला होता. मामा उठले, "राहू दे रे," म्हणाले आणि रंगमंचाकडे गेले.

पखवाज ऐकत पायरीवर बसून मी हिशेब मांडला. तो आधी मांडायला हवा होता. माझा फ्लॅश पूर्ण जोरावर ३०० जूल ऊर्जा खातो. मॉडेलिंग लॅम्प १५० वॉटचा, म्हणजे सेकंदाला १५० जूल. एका फ्लॅशला लागते तेवढी ऊर्जा हा निरुपद्रवी दिसणारा दिवा दोन सेकंदांत फस्त करतो! बॅटरी १५० वॉट-तासांची. त्यात कागदावर १,८०० फ्लॅश बसतात. वाटेतली गळती धरून निम्मे म्हणा, तरी ९००. लग्नालासुद्धा पुरून उरतील. पण दोन दिवे सतत जळत ठेवले, तर तीच बॅटरी अर्ध्या तासाच्या आत संपते. मी मात्र तोपर्यंत फ्लॅशलाच खादाड समजत होतो.

माइकवाला भला माणूस. बॅटरीचा चार्जर थोडीच वीज घेतो, आणि तीही एकसारखी, हे पटल्यावर त्याने आपल्या बोर्डावर जागा दिली. आख्यान पहाटेपर्यंत चालले. तेवढ्यात मी एक फ्लॅश गुंडाळून ठेवला. दुसऱ्याचा सॉफ्टबॉक्स काढून पांढरी छत्री लावली, आणि गाडीतला चार्जिंगचा एलईडी टॉर्च फ्लॅशच्या अगदी अंगाला चिकटपट्टीने बांधला. टॉर्च फूटभर जरी लांब बांधला, तरी त्याची सावली एकीकडे आणि फ्लॅशची दुसरीकडे पडते; मग त्याचा उपयोग काय?

आजकालच्या बॅटरीवाल्या फ्लॅशमध्ये हा दिवा मुळातच एलईडीचा असतो. दहा वॉटांपासून चाळीसेक वॉटांपर्यंत. तो दहा-वीस सेकंदांनी आपोआप विझेल अशी सोयही बऱ्याच ठिकाणी असते. नवीन घेणाऱ्याने तेच घ्यावे. जुने हॅलोजनवाले घरात असतील तर टाकू नका, फक्त बाहेर नेताना त्यांचा दिवा बंद ठेवा. गाडीच्या लायटरच्या प्लगवर इन्व्हर्टर लावून ते चालवण्याच्या फंदात पडू नका. १५० वॉटला बारा व्होल्टवर तेरा-चौदा अँपिअर लागतात, म्हणजे फ्यूज उडायची वेळ. आणि वर गाडी चालू व्हायची नाही ते वेगळेच. मोपाहून विमानाने नेणार असाल तर बॅटरीवरचे वॉट-तास वाचा. १०० पर्यंतची हातातल्या सामानातून जाते, १६० पर्यंत एअरलाइनची परवानगी लागते, त्यावर प्रवासी विमानात नेता येत नाही. आणि फ्लॅश बिघडला तर घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल इतका दाब राहतो.

हंडी फुटली, काला वाटला गेला, तेव्हा पूर्वेला नुकते फटफटत होते. मामा घामाने निथळत आले. रंग गालावरून मानेपर्यंत ओघळला होता. मी म्हटले, "मामा, पुसून पुन्हा लावता?" त्यांनी मान हलवली आणि होते तसेच स्टुलावर बसले. टॉर्च लावला, छत्री जरा खाली घेतली, मुकुटाची सावली भुवयांच्या वर सरकली. टॉर्च बंद केला. नऊ फोटो काढले.

त्यांतला सहावा आता मामींनी दर्शनी खोलीत लावला आहे. पाहुणे आले की मामा तो स्वतः दाखवतात आणि दर वेळी मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणतात, "नथ मात्र वाकडी दिसता हां."