बंदी सैल झाली, मग दारूवाले गेले कुठं?

कॉलेजला जाता-येता ‘परमिट रूम’ ही पाटी तुम्ही शंभरदा वाचली असेल. पण हे परमिट कसलं, असा प्रश्न कधी पडलाय?

१९४९ साली कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि त्याच वर्षी मुंबईचा दारूबंदी कायदा आला. म्हणजे आपली इचलकरंजीही त्यात आली. प्यायची तर सरकारी परवाना हवा! तो कायदा आजही आहे, फक्त सैल झालाय. पाटीवरचं परमिट तिथलं.

लोक प्यायचे थांबले? छे. मुंबईत हातभट्ट्या फोफावल्या. व्हीटी स्टेशनवर हमाली करणारा वरदराजन मुदलियार याच धंद्यातून धारावी-अँटॉप हिल भागात मोठा झाला. आता बघा, या धंद्यात माणूस काय शिकतो? गूळ-नवसागर कुठून उचलायचा, माल रातोरात कसा पोचवायचा, उधारी कुणाला द्यायची, हप्ता कुणाला. आपल्याकडं सुताचा व्यापारीही हेच शिकतो. (शेवटचं सोडून. हसू नका!)

अमेरिकेतली दारूबंदी १९३३ ला उठली, तरी चोरटी दारू चालूच राहिली. नॉर्थ कॅरोलायनातला ज्युनिअर जॉन्सन पोलिसांना चुकवत दारूची गाडी पळवायचा. १९५६ मध्ये बापाच्या भट्टीवर सापडला, तुरुंगात गेला. पण त्याच ड्रायव्हिंगवर त्यानं नॅस्कारच्या एकूण ५० शर्यती जिंकल्या आणि पुढं स्वतःची टीम काढली.

इकडं वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना बंदी सैल झाली. पण वरदराजन काही दुकान टाकून बसला नाही. गोदीतली चोरी, स्मगलिंग, खंडणी हेच त्याचे धंदे राहिले. पोलिसांनी जेरीस आणल्यावर मद्रास गाठलं, १९८८ मध्ये तिथंच वारला.

‘डॉन म्हणजे खरा बिझनेसमन’ असली रील तुमच्याही मोबाइलवर येत असतील. मला नाही पटत. जॉन्सनचं कसब उजेडातही विकलं गेलं. हप्त्याची साखळी आणि दहशत उजेडात कोण विकत घेणार?

चंद्रपुरात २०१५ ते २०२१ बंदी होती. ती उठवताना अवैध विक्रीत बायका-मुलंही ओढली गेल्याचं कारण पुढं आलं होतं. बंदी उठली म्हणून आधीची केस आपोआप पुसली जात नाही. तुमच्यातले कितीतरी जण पोलीस भरतीच्या तयारीला लागले असतील. चारित्र्य पडताळणीत गुन्ह्यांची माहिती विचारतात. बाटल्या पोचवताना सापडलेल्या पोरानं तिथं काय लिहायचं?