आप्पांची सहाबारी

पेणच्या आमच्या घरात वर्षातून एकदा दर्शन देणारे एक दैवत होते. ते म्हणजे आजोबांचे, अर्थात आप्पांचे, रिव्हॉल्वर! दसऱ्याच्या सकाळी माजघरातल्या तिजोरीतून ते बाहेर निघे. पाटावर लाल कापड, त्यावर कोयता, विळी, नानांची फाउंटन पेने, माझे पाटी-दप्तर आणि या सर्वांच्या मधोमध ती वीतभर काळी वस्तू. हळदकुंकू वाहताना आजी न चुकता म्हणे, "आधी त्याचं तोंड भिंतीकडे करा बरं!" रिकामे आहे असे आप्पांनी शंभरदा सांगितले तरी तिचा विश्वास बसत नसे. आता मला वाटते, तिचेच बरोबर होते. हत्यार रिकामे आहे असे मानणाऱ्यांच्याच घरी अपघात होतात.

या सहाबारीला एक कथाही होती. आप्पांचा भाताचा व्यापार. रोह्याला वसुली करून रोकड कमरेला बांधून ते नागोठण्यावरून पेणला परतत. एकदा संध्याकाळी भिसे खिंडीत चौघांनी गाडी अडवली, आप्पांनी एक बार हवेत काढला आणि चौघेही रान तुडवीत पळाले! आत्या ही हकिगत इतकी रंगवून सांगे, की आम्हा मुलांना दारूचा वास येत असे. लहान रिव्हॉल्व्हरांचे वेड मला लागले ते या कथेपायी.

छंद मोठा, तिजोरी लहान

हा छंद आपल्याकडे करायचा कसा, हा प्रश्नच आहे. अमेरिकेत हौशी माणसे भिंतभर रिव्हॉल्व्हरे मांडतात. आपल्याकडे १८७८ साली लॉर्ड लिटनच्या राजवटीत शस्त्रांचा कायदा आला आणि सामान्य माणसाच्या हातचे हत्यार परवान्याला बांधले गेले. स्वतंत्र भारताने १९५९ साली स्वतःचा कायदा केला. त्यात पुढे एका माणसाला तीन बंदुकांची मर्यादा घातली गेली. २०१९ च्या दुरुस्तीने ती दोनावर आली. दोन वस्तूंचा संग्रह तो कसला! तेव्हा मी वस्तूंऐवजी माहिती जमवू लागलो आणि वस्तूंची हौस टिकल्यांच्या रिव्हॉल्व्हरांवर भागवली. रोह्याला धावीर महाराजांच्या उत्सवात पालखीला पोलिसांची सशस्त्र मानवंदना असते. ती पाहायला गेलो असताना आत्याने घेऊन दिलेले पत्र्याचे रिव्हॉल्वर हा माझ्या संग्रहातला पहिला नग. आज असे सदतीस आहेत.

वाचकहो, हसू नका. टिकलीचे कूळ थोर आहे. ठासणीच्या बंदुकीला पूर्वी गारगोटीची ठिणगी लागे. पावसात ती दगा देई. १८०७ साली फोर्सिथ नावाच्या स्कॉटिश पाद्र्याने आघाताने पेटणाऱ्या दारूचा उपयोग शोधला. पुढे तिची तांब्याची टोपी झाली आणि त्या टोपीमुळेच सॅम्युएल कोल्टचे फिरत्या चक्राचे रिव्हॉल्वर १८३६ च्या सुमारास व्यवहारात उतरले. दिवाळीत पोरे फोडतात ती टिकली म्हणजे त्याच टोपीची कागदी नात!

लहान रिव्हॉल्वरचा खरा जन्म मात्र १८५७ चा. स्मिथ आणि वेसन या जोडीने त्या वर्षी सात बारांचे, .२२ मापाचे चिमुकले रिव्हॉल्वर काढले. त्यात गोळी, दारू आणि टोपी एकाच धातूच्या काडतुसात होती. .२२ म्हणजे इंचाच्या शंभर भागांपैकी बावीस, साधारण साडेपाच मिलिमीटर. आप्पांचे .३२ चे, म्हणजे आठ मिलिमीटरच्या आसपास. बर्मिंगहॅमच्या वेब्ली कंपनीची घडण. वरची कळ दाबली की नळी बिजागरीवर पुढे कलंडे आणि सहाही पुंगळ्या एकदम वर उचलल्या जात. चाप ओढू लागले की चक्र एक घर पुढे सरके आणि नेमक्या जागी अडून बसे. त्या 'खट्' आवाजात घड्याळजीचे कसब आहे. मला मोह आहे तो त्या आवाजाचा.

जाता जाता एक शंका फेडतो. आपली वर्तमानपत्रे पिस्तूल आणि रिव्हॉल्वर सर्रास एकच मानतात. २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात जॅक्सनवर झाडले ते ब्राउनिंग पिस्तूल होते. पिस्तुलाची काडतुसे मुठीत असतात. रिव्हॉल्वरची फिरत्या चक्रात. आजही परवानेदार नागरिकाला .३२ मिळते. कानपूरच्या सरकारी कारखान्यात ते बनते. तेथूनच २०१४ साली स्त्रियांसाठी म्हणून 'निर्भीक' हे हलके रिव्हॉल्वर बाहेर पडले.

नानांचा निरोप

आप्पांच्या मागे परवाना नानांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, नावे झाला. नानांना हत्याराची गोडी मुळीच नव्हती. त्यांच्या वाट्याला फक्त हेलपाटे आले. नूतनीकरणासाठी अलिबाग, निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करणे, निकालानंतर परत आणणे. यंदा नाना ब्याऐंशीचे झाले. आषाढात एके दिवशी त्यांनी मला बोलावून म्हटले, "अरे, याचं काय ते माझ्या डोळ्यांदेखत कर. तुला हवं तर तुझ्या नावे करून घे. नको असेल तर सरकारजमा करू."

नियमांत तशी सोय आहे. परवानेदार सत्तरीचा झाला की हयातीतच वारसाला हत्यार देता येते. अर्थात वारसालाही परवाना मिळवावा लागतोच. जन्मभर ज्याचा 'खट्' ऐकण्यासाठी दसऱ्याची वाट पाहिली ते माझे होणार होते! रात्रभर झोप आली नाही. सकाळी पत्नीने चहा पुढे ठेवीत एवढेच विचारले, "आपला मुलगा पंधरा वर्षांचा आहे. किल्ली कुठे ठेवणार?"

मी उत्तर दिले नाही. तिजोरी उघडून कागद पाहू लागलो. जुना परवाना निघाला. त्यावर जिल्हा कुलाबा, कारण रायगड हे नाव १९८१ सालचे. त्याच्या घडीत मुंबईच्या दुकानाची १९५८ ची पावती : रिव्हॉल्वर एक, काडतुसे पंचवीस. शेजारी पुठ्ठ्याची पेटी. मी काडतुसे मोजली. पुन्हा मोजली. पंचवीसच्या पंचवीस! दुसरी पावती नव्हती. परवान्यावरच्या खरेदीच्या रकान्यातही दुसरी नोंद नव्हती.

म्हणजे भिसे खिंडीत बार निघालाच नव्हता. कोठेच, कधीच निघाला नव्हता.

मी पेटी घेऊन नानांपुढे बसलो. ते मंद हसले. "मला ठाऊक होतं. खिंडीत माणसं भेटली होती, ते खरं. दुष्काळी साल होतं. आप्पांनी कमरेला हातसुद्धा लावला नाही. दोन पायली तांदूळ दिला आणि गाडी हाकली. घरी येऊन कोणाला सांगितलं असतं तर भित्रा म्हणाले असते. गोष्ट आत्यानं रचली. आप्पांनी ती खोडली नाही, इतकंच."

पेण तालुक्यातल्या गागोदे गावी १८९५ साली विनोबा जन्मले. १९६० च्या मे महिन्यात चंबळच्या खोऱ्यात वीस दरोडेखोरांनी आपल्या बंदुका याच माणसापुढे आणून ठेवल्या. शाळेत ही गोष्ट आम्ही अभिमानाने ऐकत असू आणि घरी येऊन आत्याची खिंड ऐकत असू. दोन्ही गोष्टी एकाच घरात घडल्या असतील, असे मात्र कधी मनात आले नव्हते.

श्रावणात नाना आणि मी जाऊन ते हत्यार रीतसर जमा करून आलो. अंमलदाराने क्रमांक ताडून पाहिला, काडतुसे मोजली आणि पंचवीस लिहिले. मी शेवटचा एकदा 'खट्' ऐकवण्याची विनंती केली. त्याने नळीचे तोंड भिंतीकडे केले आणि मग चाप ओढला. मला आजी आठवली.

यंदाच्या दसऱ्याला पाटावर मधली जागा रिकामी होती. मुलाने तेथे माझे रोह्याचे पत्र्याचे रिव्हॉल्वर ठेवले. मी त्याला खिंडीची गोष्ट सांगितली. आत्याची नव्हे, नानांची. तो म्हणाला, "बाबा, ही जास्त चांगली आहे."