छायाचित्रावर सही : पुढे, मागे की काठावर?

गोव्यातील जुन्या घरांच्या दिवाणखान्यात पणजोबा-पणजीची तपकिरी झालेली छायाचित्रे अजूनही टांगलेली दिसतात. त्यांतील माणसांची नावे घरच्यांना ठाऊक असतात. छायाचित्र कोणी काढले, असे विचारल्यास मात्र बहुधा उत्तर मिळत नाही. स्टुडिओचे नाव ज्या पुठ्ठ्यावर छापलेले असे तो वाळवीने खाल्ला, फ्रेम बदलताना कोणीतरी टाकून दिला आणि त्याबरोबर छायाचित्रकाराची ओळखही गेली.

त्या पुठ्ठ्यावरचे नावही अनेकदा एका व्यक्तीचे नसे. इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी करताना कॅमेरा हाती घेतलेले आणि पुढे हैदराबादच्या निजामाकडून ‘राजा’ हा किताब मिळवणारे लाला दीनदयाळ (१८४४–१९०५) हे त्याचे ठळक उदाहरण. सिकंदराबाद आणि मुंबई येथील त्यांच्या स्टुडिओंमध्ये अनेक माणसे कामाला होती. छायाचित्रे बाहेर पडत ती ‘राजा दीनदयाळ अँड सन्स’ या नावाने. एखाद्या प्रिंटच्या वेळी कॅमेऱ्यामागे नेमके कोण उभे होते, हे त्या नावावरून कळत नाही.

आज प्रदर्शनासाठी प्रिंट काढणाऱ्यांपुढे हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा असतो. सही करावी का, आणि करायची तर कुठे? पुष्कळ जण संगणकावरच चित्राच्या कोपऱ्यात वळणदार अक्षरांत नाव टाकतात आणि तेच प्रिंटवर छापून येते. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर चोरी रोखण्यासाठी त्याचा थोडाफार उपयोग होत असेल, पण भिंतीवर ते नाव खुपते. चित्रात कुठेही अक्षरे असली की नजर आधी तिकडे वळते. संध्याकाळच्या मांडवीपेक्षा कोपऱ्यातले नाव ठळक दिसू लागते. शिवाय ती सही नव्हेच. यंत्राने छापलेल्या नावाला हाताने केलेल्या सहीचे मोल येत नाही.

चित्रकाराची सही त्याच रंगांत, त्याच कुंचल्याने होते, म्हणून ती चित्रात मिसळून जाते. छायाचित्राच्या पृष्ठभागावर शाई नेहमी उपरीच राहते. त्यामुळे जाणत्या छायाचित्रकारांनी काठ निवडला. आंरी कार्तिए-ब्रेसाँ प्रिंटभोवतीच्या पांढऱ्या समासात शाईने सही करीत. अन्सेल अ‍ॅडम्स प्रिंट पुठ्ठ्यावर कायमचा चिकटवून त्याच्या खाली उजव्या बाजूस पेन्सिलीने नाव लिहीत. ही प्रथा आपल्याकडे अगदीच परकी म्हणता येणार नाही. अकबराच्या काळातील हस्तलिखितांत चित्रकारांची नावे पुष्कळदा चित्राखालच्या समासातच आढळतात. फरक इतकाच की ती बहुधा ग्रंथालयातील कारकुनांनी लिहिलेली असत.

समासातही एक खाचखळगा आहे. फ्रेमवाले ज्याला ‘माउंट’ म्हणतात, तो खिडकी कापलेला पुठ्ठा प्रिंटवर नुसता टेकवलेला असतो. त्यावर केलेली सही दिसते सुरेख, पण दमटपणाने माउंट पिवळा पडला की तो बदलला जातो आणि सही कचऱ्यात जाते. अ‍ॅडम्स यांच्या पद्धतीत प्रिंट व पुठ्ठा वेगळे होत नसत, म्हणून त्यांना ते चालले. इतरांनी प्रिंटला सर्व बाजूंनी पांढरा समास ठेवावा, सही त्या समासात करावी आणि खिडकी चित्रापेक्षा खालच्या बाजूने सेंटिमीटरभर मोठी कापून घ्यावी. सही दिसू नये असे वाटत असेल तर ती माउंटखाली राहू द्यावी. प्रिंटवर असली म्हणजे झाले.

प्रिंटच्या मागे काय लिहावे, हा भाग त्याहून महत्त्वाचा. अ‍ॅडम्स यांचे ‘मूनराइज, हर्नांडेझ’ हे न्यू मेक्सिकोतील एका खेड्यावर उगवलेल्या चंद्राचे छायाचित्र जगप्रसिद्ध आहे. तारखांच्या बाबतीत ते निष्काळजी होते. वेगवेगळ्या ठिकाणी या चित्राचे साल १९४० ते १९४४ असे बदलत राहिले. अखेर चंद्राच्या आकाशातील स्थानावरून डेव्हिड एल्मोर यांनी ३१ ऑक्टोबर १९४१ ही तारीख काढली आणि पुढे डेनिस डी चिको यांनी ती दुरुस्त करून १ नोव्हेंबर १९४१ अशी निश्चित केली. चंद्र साक्षीला होता म्हणून हे जमले. बहुतेक छायाचित्रांना असा साक्षीदार मिळत नाही. या एकाच निगेटिव्हपासून अ‍ॅडम्स यांनी अनेक दशके प्रिंट काढले आणि नंतरच्या प्रिंटमधले आकाश अधिकाधिक काळे होत गेले. म्हणूनच नाव, स्थळ आणि छायाचित्र टिपल्याची तारीख यांबरोबर प्रिंट काढल्याची तारीखही स्वतंत्रपणे लिहावी.

लिहिण्याचे साधन कागदावर ठरते. कापसाच्या किंवा तंतुमय कागदावर मऊ पेन्सिल सर्वांत उत्तम. प्लॅस्टिकचा थर असलेल्या कागदावर पेन्सिल उमटत नाही. तिथे न फिकटणाऱ्या रंगद्रव्याच्या शाईचे पेन घ्यावे, आधी रद्दी तुकड्यावर पाहावे आणि शाई पूर्ण वाळल्याशिवाय प्रिंट एकमेकांवर ठेवू नयेत. पावसाळ्यातल्या गोव्यात वाळायला लागणारा वेळ कोणीही कमी धरू नये. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूस उमटतो, म्हणून ते टाळावे. लिहायचे ते चित्राच्या पाठीमागे नव्हे, समासाच्या पाठीमागे.

काही जण सहीशेजारी ३/१० असा आकडा घालतात. दहा प्रतींपैकी ही तिसरी, असा त्याचा अर्थ. ही चाल कोरीव चित्रांच्या छपाईतून आली. तिथे तांब्याचा पत्रा झिजत असे, म्हणून प्रतींना मर्यादा होती. संगणकावरची फाइल झिजत नाही. अकरावी प्रत न काढण्याचे ते केवळ वचन असते, आणि ते पाळायचे नसेल तर आकडा न घालणेच प्रामाणिकपणाचे.

कायद्याच्या दृष्टीने सही बंधनकारक नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्र काढणारी व्यक्तीच त्याची कर्ता असते, मग नाव लिहिलेले असो वा नसो. मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक मात्र, वेगळा करार नसल्यास, ग्राहक ठरतो. लग्नाच्या छायाचित्रांची मालकी अशा रीतीने वधू-वरांच्या घरी जाते. तरीही कलम ५७ प्रमाणे ‘हे माझे काम’ असे सांगण्याचा अधिकार छायाचित्रकाराकडेच राहतो. तो बजावण्याची वेळ आली की मागच्या बाजूची पेन्सिलीची ओळ पुराव्यास उपयोगी पडते.

स्पर्धांची गोष्ट वेगळी. परीक्षकांना नाव कळू नये म्हणून तिथे चित्राच्या दर्शनी भागावर ओळख नको, असा नियम सर्रास असतो. प्रवेशिका पाठवण्यापूर्वी तो वाचावा. अ‍ॅक्रिलिकच्या काचेला चिकटवलेल्या प्रिंटवर सहीला जागाच उरत नाही. तिथे चिकटवण्याआधी समासात सही करावी किंवा सही केलेली चिठ्ठी फ्रेमच्या पाठीवर लावावी. आणि घरातील जुन्या छायाचित्राची फ्रेम बदलायला काढली असेल, तर जुना पुठ्ठा टाकण्यापूर्वी त्याच्या दोन्ही बाजू भ्रमणध्वनीने टिपून घ्याव्यात.