नीलकंठ कमी झाला, हे कळलं कसं?

दसऱ्याला नीलकंठाचं दर्शन झालं की शुभ, ही समजूत ग्वाल्हेर-इंदूरकडे आहे तशी आमच्या हैदराबादेतही आहे. इथे त्याला पालपिट्टा म्हणतात. तेलंगणाचा तो राज्यपक्षी. पूर्वी तारेवर सहज दिसायचा, आता शोधावा लागतो, असं घरोघरी मोठी माणसं सांगतात. पण आठवणीवर किती विसंबायचं? चिमण्या संपल्या, असंही सगळेच म्हणतात. २०२०च्या 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' अहवालात मात्र वेगळंच निघालं. मोठ्या महानगरांत चिमण्या घटल्या आहेत, पण देशभरात पंचवीसेक वर्षं त्या बऱ्यापैकी टिकून आहेत.

नीलकंठाच्या बाबतीत वडीलधाऱ्यांचं खरं ठरलं. २०२३च्या अहवालानुसार तो सुमारे ३० टक्क्यांनी घटला आहे.

माझा पेशा सॉफ्टवेअरचा, त्यामुळे मला आकड्यापेक्षा तो काढला कसा यातच जास्त रस. देशातले नीलकंठ कुणी एकेक करून मोजलेले नाहीत. हाताशी होत्या त्या सुमारे ३० हजार पक्षीनिरीक्षकांनी ई-बर्डवर केलेल्या तीन कोटी नोंदी. त्या नुसत्या मोजल्या, तर जवळजवळ प्रत्येक पक्षी वाढलेला दिसेल, कारण नोंद करणारेच वाढले! म्हणून प्रमाण बघतात. समजा, आधी १०० याद्यांपैकी ३० याद्यांत नीलकंठ होता आणि पुढे १००० पैकी १५० याद्यांत. नोंदी पाचपट झाल्या, पण प्रमाण ३० टक्क्यांवरून १५ वर आलं.

यासाठी यादी पूर्ण हवी, म्हणजे ओळखू आलेला प्रत्येक पक्षी तिच्यात हवा. तरच यादीत नसलेला नीलकंठ 'दिसला नाही' असं धरता येतं. एरवी तो दिसला नाही की लिहिला नाही, हे कसं कळणार? डेटाबेसवर काम करणाऱ्यांना शून्य आणि रिकामा रकाना यांतला फरक वेगळा सांगायला नको.

आणखी दोन भानगडी उरतात. कुणी गच्चीवर दहा मिनिटं उभा राहतो, कुणी तीन तास माळ तुडवतो. म्हणून यादीत एकूण किती जाती आहेत, हे गणितात धरून ही तफावत सांभाळतात. दुसरी गोष्ट जागेची. बंगळुरूसारख्या शहरातून याद्यांचा पूर येतो, एखाद्या दुर्गम तालुक्यातून चार येतात. नकाशाचे चौकोन पाडून तोही हिशेब लावतात, नाहीतर शहराचंच चित्र देशाचं म्हणून खपेल.

एवढं करूनही ९४२ जातींपैकी ३३८ जातींचाच दीर्घकाळचा कल सांगता आला. त्यांतल्या ६० टक्के घटत आहेत. बाकीच्यांसाठी पुरेशा याद्याच नाहीत. मला या अहवालात हेच सर्वांत आवडलं: जिथे माहिती अपुरी, तिथे आकडा दिलेला नाही.

दर फेब्रुवारीत चार दिवस जगभर परसातले पक्षी मोजतात. पंधरा मिनिटांची एक यादी पुरते. फक्त कावळा, कबुतर, साळुंकी 'यांत काय विशेष' म्हणून गाळू नका.