संगणकातील माहितीचा मेळ आणि परवान्याचा खर्च

जमाखर्चाच्या तक्त्यात ‘संगणक परवाना’ ही बाब पाहून काही देणगीदारांनी विचारणा केली, की सर्व्हर विकत घेतलेला असताना हा वेगळा खर्च कशासाठी? प्रश्न रास्त आहे. देणगीच्या प्रत्येक रुपयाचा हिशेब देणे हे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. म्हणून हा खुलासा.

पुणे-सातारा महामार्गावर शिवरे येथे असलेल्या आपल्या रुग्णालयात भोर-वेल्हे परिसरातील रुग्णांबरोबरच अपघातग्रस्तही अवेळी येतात. नोंदणी, प्रयोगशाळा, औषध विभाग व बिल विभाग यांच्या संगणकीय नोंदी पूर्वी स्वतंत्र होत्या. एका रात्री नातेवाईक सोबत नसलेल्या रुग्णाची नोंद वॉर्डात एका क्रमांकाने, तर प्रयोगशाळेत दुसऱ्याच क्रमांकाने झाली. रक्तगटाचा अहवाल तयार असूनही तो केसपेपरला लागण्यास विलंब झाला. रुग्ण सुदैवाने बरा होऊन घरी गेला. परंतु हा दोष आमच्या व्यवस्थेचा होता, हे आम्ही मान्य करतो.

निरनिराळ्या विभागांची माहिती घेऊन, तपासून, एकाच क्रमांकाखाली आणणारे सॉफ्टवेअर हा त्यावरील उपाय. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमधील ‘इंटिग्रेशन सर्व्हिसेस’ हे काम करते. त्याचा परवाना दोन प्रकारे मिळतो. पहिल्या प्रकारात प्रोसेसरचे ‘कोअर’ मोजतात. किमान ४ कोअरचा परवाना घ्यावाच लागतो. २०२२ च्या स्टँडर्ड आवृत्तीची दोन कोअरची जाहीर किंमत ३,९४५ डॉलर, म्हणजे किमान खर्च ७,८९० डॉलर. दुसऱ्या प्रकारात सर्व्हरसाठी ९८९ डॉलर व त्याचा उपयोग करणाऱ्या प्रत्येक व्यक्तीमागे किंवा संगणकामागे २३० डॉलर पडतात. ही संख्या ३० असल्यास दोन्ही प्रकारांचा खर्च जवळजवळ सारखाच होतो. त्याहून कमी असल्यास दुसरा प्रकार स्वस्त पडतो.

आपल्याकडे तीन पाळ्यांत एकच संगणक अनेक कर्मचारी वापरतात. त्यामुळे माणसे न मोजता संगणक मोजणे हितावह ठरले. १२ संगणकांसाठी ३,७४९ डॉलर होतात. डॉलरचा भाव ८५ रुपये व वस्तू व सेवा कर १८ टक्के धरल्यास हा खर्च सुमारे ३ लाख ७६ हजार रुपये येतो. कोअरच्या पद्धतीने तोच सुमारे ७ लाख ९१ हजार झाला असता. मध्ये दुसरे सॉफ्टवेअर ठेवून अप्रत्यक्षपणे माहिती घेणारे संगणकही मोजावे लागतात. ते वगळून काटकसर दाखविणे नियमबाह्य होय.

आणखी एक बाब. हे सॉफ्टवेअर डेटाबेसहून वेगळ्या सर्व्हरवर बसविल्यास त्या सर्व्हरचा परवाना पुन्हा घ्यावा लागतो. म्हणून आम्ही दोन्ही एकाच सर्व्हरवर ठेवले. प्रयोगशाळेचे अहवाल दिवसभर ठरावीक अंतराने पुढे जातात. बिलांच्या जड नोंदी मात्र रात्री, सर्व्हरवरील भार कमी असताना घेतल्या जातात.

मोफत पर्यायांचाही विचार केला. कंपनीच्या विनामूल्य ‘एक्सप्रेस’ आवृत्तीत ही सोय नाही. ‘डेव्हलपर’ आवृत्ती विनामूल्य असली तरी रोजच्या कामकाजासाठी वापरता येत नाही. ‘अपाचे हॉप’सारखे मुक्त सॉफ्टवेअर परवाना शुल्काविना मिळते, परंतु ते सांभाळणारा जाणकार माणूस हवा, आणि त्याचे वेतन हाही खर्चच.

विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ अअ अन्वये निर्धन रुग्ण निधीत एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम जमा होते. ती केवळ निर्धन व दुर्बल घटकांतील रुग्णांच्या उपचारांसाठीच आहे; त्यातून एक पैसाही या कामी घेतलेला नाही. खर्च सर्वसाधारण निधीतून केला असून संबंधित कागदपत्रे कार्यालयात पाहण्यास उपलब्ध आहेत. आता प्रत्येक रुग्णास एकच क्रमांक मिळतो व त्याचा अहवाल त्याच्याच केसपेपरला लागतो.