व्यसन : दोष की आजार?

‘लग्न लावून द्या, जबाबदारी अंगावर पडली की आपोआप सुटेल,’ हा सल्ला आजही सुशिक्षित, सुखवस्तू घरांतून दिला जातो. मुलाला खोकल्याच्या औषधाची, झोपेच्या गोळ्यांची अथवा गर्दची सवय लागलेली असते, घरच्यांना ती ठाऊक असते. आणि चारचौघांत वाच्यता नको म्हणून एका अनभिज्ञ मुलीचे आयुष्य उपाय म्हणून योजले जाते. मधुमेहावर लग्न हा उपाय कोणी सुचवत नाही. व्यसनावर सुचवला जातो, कारण ते आजार आहे हे मनाला पटलेलेच नसते.

१९५४ साली कॅनडातील मॅगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांसाठी एक कळ बसवली. ती दाबली की मेंदूच्या ठरावीक भागाला सौम्य विद्युत्प्रवाह मिळे. उंदीर ती कळ तासाला शेकडो वेळा दाबू लागले. मेंदूत सुखाची, पुन:पुन्हा ओढ लावणारी एक यंत्रणा आहे, हे त्यातून उमगले. पुढील संशोधनाने तिचा संबंध डोपामिन या रसायनाशी जोडला. भुकेल्याला अन्न, आप्तांचा सहवास, कामातील यश यांनी ही यंत्रणा मर्यादेत जागी होते. मादक पदार्थ तिला त्याहून कितीतरी अधिक ढवळून काढतात. मेंदू मग स्वसंरक्षणार्थ आपली संवेदनशीलता कमी करतो. काल पुरलेली मात्रा आज पुरत नाही, साधे आनंद बेचव होतात, आणि बरेवाईट तोलून स्वत:ला आवरणारा मेंदूचा पुढचा भागच दुबळा होतो. पहिला झुरका स्वेच्छेचा असतो हे खरे. शंभराव्या झुरक्याबाबत तसे म्हणणे धाडसाचे ठरेल.

पाठशाळेत सप्तव्यसनत्यागाचा नियम दिला जातो. कोवळ्या वयात त्याचे मोल मोठे आहे, त्याने अनेक मुले त्या वाटेला जातच नाहीत. परंतु जो आधीच अडकला आहे, त्याला उपचारांशिवाय केवळ नियम देणे अपुरे पडते. नियम मोडतो, अपराधभावना वाढते आणि ती बुजवण्यासाठी पुन्हा नशा केली जाते.

गर्द थांबवली की काही तासांतच ‘टर्की’ सुरू होते : नाकाडोळ्यांतून पाणी, हाडे मोडल्यासारख्या वेदना, जुलाब, निद्रानाश. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तिचा जोर सर्वाधिक असतो. आठवडाभरात ती ओसरते. दारू आणि झोपेच्या गोळ्यांचे मात्र वेगळे आहे. दीर्घकाळ घेतलेली दारू एकाएकी तोडल्यास झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, प्राणही जाऊ शकतो. मुलाला खोलीत कोंडून कडी लावणाऱ्या वडिलांना हे कोणी सांगितलेले नसते.

याहून मोठा धोका सुटल्यानंतरचा. काही आठवडे गर्द बंद राहिली की शरीराची सहनशक्ती घटते. त्यानंतर घसरलेला मनुष्य पूर्वीचीच मात्रा घेतो आणि त्याचा श्वास मंदावत थांबतो. म्हणूनच ब्युप्रेनॉर्फिनसारखे औषध डॉक्टर महिनोन्‌महिने चालू ठेवतात. ‘एक नशा सोडवून दुसरी लावली’ असे म्हणत नातलग ते परस्पर बंद करतात. रक्तदाबाची गोळी अशी कोणी बंद करत नाही.

पुण्यात १९८६ साली मुक्तांगण सुरू झाले. अनिल अवचट यांचे गर्दविषयीचे लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी आर्थिक पाठबळ दिले, आणि मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात काम उभे केले. तेथील उपचार पस्तीस दिवसांचे. शरीरातून विष उतरवणे हा त्यातील सोपा भाग म्हणावा. नंतरचा पाठपुरावा वर्षानुवर्षे चालतो. घसरून परत आलेल्याला तेथे हाकलत नाहीत. रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा स्वतंत्र गट आहे. पतीची उधारी फेडणे, कामावर खोटे निरोप देणे, सासरी-माहेरी सावरून घेणे यांत ज्यांची वर्षे गेली, त्या तेथे प्रथमच मोकळेपणाने बोलतात.

कायदाही आता पुष्कळ पुढे आला आहे. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये स्वत:हून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीस, अल्प प्रमाण बाळगणे वा सेवन करणे यांसाठी, खटल्यापासून संरक्षण आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू व अमली पदार्थांशी निगडित मानसिक अवस्थांना मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतले, आणि विमा कंपन्यांनी मानसिक आजारांसाठीही शारीरिक आजारांच्या बरोबरीने आरोग्यविम्याची सोय करावी असे बजावले. पॉलिसी घरात असूनही बदनामीच्या भयाने दावाच न करणारी कुटुंबे थोडी नसावीत. निदान तिच्या अटी एकदा बारकाईने वाचाव्यात. केंद्र शासनाची १४४४६ ही व्यसनमुक्ती मदतवाहिनी नि:शुल्क आहे, आणि तेथे केवळ रुग्णानेच नव्हे, तर आईनेही फोन करावा. मुलगी पाहायला जाण्याआधी.