कशेळीचा सडा, देवघळीचा कडा

पहाटे ५.३०, रत्नागिरी
आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघते. संध्याकाळी ओहोटी असेल तरच पाहुण्यांना देवघळीच्या पुळणीवर उतरवायचं, एरवी कड्यावरूनच समुद्र दाखवायचा. गाडीत पाण्याचे कॅन, होकायंत्र आणि मऊ केरसुणी.

६.१५
निघतो. भाट्याचा पूल, पावस, पूर्णगड. मुचकुंदीची खाडी ओलांडली की गावखडी आणि मग चढण. वाटेत कुठे रेंगाळू देत नाही. कातळशिल्प बघावं ते तिरप्या उन्हात. कोरलेल्या रेषेत सावली धरते, म्हणून रेष नजरेत भरते. ऊन डोक्यावर आलं की शेजारी उभं राहूनही काही दिसत नाही.

७.३०, कशेळीचा सडा
सडा म्हणजे जांभ्याचं उघडं, सपाट पठार. चपला बाहेर काढायला लावते आणि रेषेतली माती, सुकं गवत केरसुणीने हलक्या हाताने झाडते. खडू किंवा रांगोळी मात्र रेषांत कुणालाही भरू देत नाही. फोटो छान येतो, पण दगड खराब होतो. पाहुण्यांना इथे कोरलेल्या हत्तीच्या कडेकडेने चालवत नेते. साधारण १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद असलेला हा हत्ती एका जागी उभं राहून डोळ्यांत मावत नाही. त्याच्या पोटात जलचर, पक्षी, रानजनावरं कोरलेली आहेत. कोकणातल्या इतर सड्यांवर कोरलेला गेंडाही सापडतो, आणि आज कोकणात गेंडा नाही. अभ्यासक या शिल्पांचा काळ मध्याश्मयुगापर्यंत मागे नेतात.

सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी गावोगावचे सडे पायी धुंडाळले, गुराख्यांना विचारत शेकडो शिल्पं उजेडात आणली. २०२२ मध्ये कशेळीसह कोकणातली काही ठिकाणं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. हे सांगताना मला दरवेळी भरून येतं.

९.३०
वाडीत न्याहारी. घावणे, नारळाची चटणी, चहा. रांधणाऱ्या काकूंना आदल्या रात्रीच माणसं किती ते कळवलेलं असतं.

११.००, देवाचे गोठणे
भार्गवरामाच्या देवळात दर्शन घेऊन वरच्या सड्यावर चढतो. इथे कातळात माणसाची आकृती आहे. भर उन्हात रेषा पुसट झालेल्या असतात, पण होकायंत्र खाली ठेवलं की सुई भलतीकडेच वळते. कातळातलं चुंबकत्व तिला ओढतं. मुलं यंत्र जागोजाग ठेवून बघत राहतात. त्यांना पुरता वेळ देते.

१.३०
परत कशेळीकडे. भात, कुळथाचं पिठलं, सोलकढी. उन्हं उतरेपर्यंत सावलीत विसावा.

४.००, कनकादित्य
कशेळीचं सूर्यमंदिर. शिलाहार राजा दुसऱ्या भोजाचा ११९१ सालचा ताम्रपट इथे आहे. मूर्तीची कथा गावात सगळ्यांना पाठ आहे: प्रभासपाटणहून निघालेलं गलबत इथल्या किनाऱ्याशी अडलं, नावाड्यांनी मूर्ती कड्यातल्या घळीत ठेवली आणि कनका नावाच्या भक्त स्त्रीला दृष्टांत झाला. कथा इथे ऐकायची, मग ती घळ बघायला जायचं.

५.००, देवघळी
सडा एकदम संपतो आणि खाली उभा कडा. पाणी काळ्या खडकावर आदळून कपारीत घुसतं, त्याचा दणका वर पायांना जाणवतो. कडेपासून सगळ्यांना चार हात मागे ठेवते. जांभ्याची कड भुसभुशीत असते. सूर्य बुडायच्या आत पुळणीवरची माणसं वर आलेली हवीत.

७.४५, रत्नागिरी
हिशेब. न्याहारी-जेवणाचे पैसे काकूंना त्याच दिवशी पोचतात. सड्याच्या जमिनी बहुतेक खाजगी आहेत आणि चिरेखाणीला किंवा कलमांच्या बागेला जागा दिली की रोकडा पैसा मिळतो. तिथे नुसता उपदेश चालत नाही. हत्ती बघायला आलेला पाहुणा गावात जेवला, राहिला, पुन्हा आला, तर सडा राखणं घरच्या लोकांनाही परवडतं. म्हणून मी प्रत्येकाला हेच सांगते: डबा घरून आणू नका, जेवा गावातच.